बुधवारचं पाणी

पोर्तुगालच्या डोंगरातल्या कार्वाल्येदा गावात व्हेरा हॉलरॉइडने घर घेतलं, तेव्हा घराबरोबर तिला बुधवारचं पाणीही मिळालं. खरेदीच्या कागदात तसं लिहिलेलंच होतं: दर बुधवारी सूर्य उगवल्यापासून चॅपेलच्या क्रुसाची सावली सपाट दगडाला टेकेपर्यंत पाटाचं पाणी या घराचं. व्हेरा बासष्ट वर्षांची. इंग्लंडात सत्तावीस वर्षं तिने बस चालवली. इथे यायचं स्वप्न तिचं आणि नवऱ्याचं, पण केन मध्येच वारला. एकटी तर एकटी म्हणत तिने तिकडचं घर विकून टाकलं. परतायची वेळ आलीच, तर बहिणीकडची जिन्याखालची खोली तेवढी होती. त्या बहिणीशी तिचं उभ्या जन्मात दोन दिवस पटलं नव्हतं.

तिने घेवडा लावला, मका लावला, बटाटे लावले. जुलैत ऊन तापलं, आणि मग तिने जी चूक केली ती इंग्रज माणसानेच करावी. बुधवारी सकाळी पाटाचं दार उघडलं, पाणी आपल्या वावरात वळवलं आणि ती चहा टाकायला घरी गेली.

कार्वाल्येद्यात असं कोणी करत नाही. ज्याची पाळी त्याने दारावर उभं राहायचं, हातात फावडं धरून, पाळी संपेपर्यंत. अंगात ताप असो की घरात मढं असो. ज्या पाण्यावर माणूस नाही ते बेवारस. खालच्या वावराच्या अदेलिनोने ते उचललं आणि तीन बुधवार उचलतच राहिला.

घेवडा पिवळा पडला तेव्हा व्हेराच्या लक्षात आलं. तिने काय करावं? घरी बिस्किटं भाजली, डब्यात भरली आणि वर चिठ्ठी ठेवली: "माफ करा, बहुधा चुकून माझं पाणी तुमच्याकडे येतंय." अदेलिनोने ती दारूच्या दुकानात उभं राहून मोठ्याने वाचली.

"माफी मागतेय रे! चोरी झाली हिची, आणि माफी चोराची!"

लोक हसून हसून ठसकले. बिस्किटं कोंबड्यांनी खाल्ली.

पुढच्या बुधवारी व्हेरा पाटावर गेली तर दार त्याच्या बाजूला उघडलेलं, आणि तो शेजारी उभा. ती दाराची फळी सरकवायला वाकली. अदेलिनोने एक शब्द न बोलता फावड्याचा दांडा तिच्या पोटात घातला. ती पाटात पडली, तोंडात चिखल गेला. फळीवरचा तिचा हात सुटेना, तेव्हा त्याने त्यावर बूट ठेवला आणि करंगळी मोडेपर्यंत दाबला. मग तो तिच्या वावरात शिरला आणि घेवड्याचा एकेक वेल काठीसकट छाटून आला. भिंतीवर बसलेली चार माणसं बघत होती. एकाचंही बूड हललं नाही. मला विचाराल तर मारणाऱ्यापेक्षा त्या चौघांचाच जास्त राग येतो.

शेजारची एर्मेलिंदा, ऐंशीची विधवा, तिने व्हेराला आपल्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि दारूत भिजवलेलं फडकं करंगळीला बांधलं.

"पोलिसांत जाते मी," व्हेरा म्हणाली.

"जा की. मग पाणीही त्यांच्याकडूनच आण."

"मग मी करू तरी काय? वावर वाळलं तर मी इथे राहू कशाच्या जोरावर?"

"फावडं आहे का?"

"आहे. नवंकोरं."

"नवं घेऊन काय करतेस, पोरी! माझ्या नवऱ्याचं ने. त्याचा दांडा हाताला बसतो."

पाचव्या बुधवारी उजाडायच्या आत व्हेरा दारावर उभी होती. अदेलिनो हसत आला.

"चहा झाला का, इंग्रजीण?"

"पिऊनच आलेय."

त्याने तिचे केस धरले आणि तोंड दगडी भिंतीवर आपटलं. समोरचा दात गेला, हनुवटीवरून रक्त ओघळलं. पण शनिवारच्या शेवटच्या बसमधले दारुडे हाताळलेली बाई ती, पाय रोवून वळली आणि फावडं फिरवलं. त्याच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज भिंतीवरच्या चौघांनाही ऐकू गेला. दुसरा घाव गुडघ्यावर बसला, तो खाली कोसळला. तिसऱ्याची काहीही गरज नव्हती. तो तिने घातला. आणि तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. लाज दुसऱ्या दिवशी वाटली.

मग ती उभी राहिली. अदेलिनो चिखलात विव्हळत होता, पाणी तिच्या वावरात जात होतं. सावली दगडाला टेकली तेव्हा चौघं भिंतीवरून उतरले. तिघांनी त्याला उचललं. चौथा टोपी काढून म्हणाला, "आता दार सोडा बाई, माझी पाळी आहे." या गावात तिला बाई म्हणून हाक मारण्याची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी पोलीस एर्मेलिंदाच्या स्वयंपाकघरात आला. व्हेरा इस्त्रीचा सदरा घालून बसली होती. मी मारलं, असं सरळ सांगून टाकायचं तिने ठरवलं होतं. जन्मात तिने खोटं तिकीट फाडलं नव्हतं.

"अदेलिनो म्हणतो तो भिंतीवरून पडला," पोलीस म्हणाला. "चार जणांनी पाहिलंय म्हणे. तुम्ही काय सांगता?"

व्हेराने तोंड उघडलं. तेवढ्यात एर्मेलिंदा चुलीपाशून म्हणाली, "भिंत ओली होती."

ऑगस्ट होता, महिनाभर पावसाचा टिपूस नव्हता. पोलिसाने खाली मान घालून लिहिलं.

"आणि तुमचा दात, बाई?"

व्हेराची जीभ त्या खिंडारात फिरली. जिन्याखालची खोली तिच्या डोळ्यांपुढे आली.

"मीही पडले," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिला हसूच फुटलं. "झाले मी तुमच्यातली," ती म्हणाली.

एर्मेलिंदाने फावडं पुसून खुंटीला लावलं. "हे माझ्या नवऱ्याच्या हातातच होतं, तो पडला तेव्हा. त्याच दारावर. अदेलिनोचा बाप समोर होता."

"पडला?"

"डोकं दोन ठिकाणी फुटलं होतं. तू बसलीयस त्याच खुर्चीत बसून पोलिसाने लिहून घेतलं."

व्हेरा खुर्चीतून उठली. "तुम्ही काय सांगितलंत?"

"मला तीन पोरं होती गं, आणि पाणी लागत होतं," म्हातारी म्हणाली. "सांगितलं, भिंत ओली होती."