आखूड कोट

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज शेजारच्या दुकानात ब्लाउज शिवणारी मुलगी गिऱ्हाइकाला सहज म्हणाली, “मावशी, बाही माझ्याकडूनच आखूड कापली गेली.” इतकं सोपं असतं ते?

मी एका शिंपीकामाच्या दुकानात कापड कापणारा कटिंग मास्तर होतो. चूक कबूल करावी, असं कारागिरांना शिकवायचो. तिथला शिवणारा कारागीर विष्णू आणि मी एकाच डब्यातलं जेवायचो. एका नवरदेवाचा कोट मी आखूड कापला आणि मालकांना सांगितलं, विष्णूनं शिवताना कापड शिलाईत जास्त दाबलं. त्यांनी त्याला कामावरून काढून टाकलं.

कात्री पिशवीत ठेवताना तो म्हणाला, “मास्तर, कापलं तुम्हीच होतं ना?” मी टेबलावरची खडूची रेघ बोटानं पुसत राहिलो.

पुढे एकदा त्याच्या दारापर्यंत गेलो.

“झोपलेत. उठवू का?” त्याच्या बायकोनं विचारलं.

“राहू द्या,” म्हणालो. तो वारला, तेव्हाही ‘विष्णू, चुकलो’ एवढं म्हणायचं राहिलंच होतं.