पेवावरची फरशी

आमच्या परसात मागच्या दारापासून शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत शहाबादी फरश्यांची रांग होती. चार-चार बोटं जाड, एकट्या गड्याला न हलणाऱ्या. सासऱ्यांनी हौसेनं घालून घेतल्या होत्या आणि त्या हौसेच्या पोटात त्यांची अक्कल होती. रांगेतल्या एका फरशीखाली मोरीचं तोंड होतं. तिथून घराचं आणि परसाचं पाणी भिंतीखालून गल्लीत जायचं. दुसऱ्या एका फरशीखाली पेव होतं, म्हणजे जमिनीत खणलेली ज्वारीची विहीरच. तोंड अरुंद, पोट भलं मोठं. आत ज्वारी भरायची, तोंडाशी काड आणि कडुनिंबाचा पाला दाबायचा, वर फरशी ठेवून शेणामातीनं लिंपून टाकायची. आमच्या सोलापूरकडं पेवाचं तोंड कुठं आहे ते कुणी बोलून दाखवत नाही. चोराला कळलं तर वर्षाची भाकरी एका रात्रीत जाते.

म्हणून मामंजींनी सगळ्या फरश्या एका मापाच्या घेतल्या आणि सगळ्यांना सारखी लोखंडी कडी बसवली. "चोर आला तर फरश्या उचलता उचलता त्याचं कंबरडं मोडंल," असं म्हणायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. मी एकदा म्हटलं, "मामंजी, मोरीच्या फरशीला तरी काय खूण ठेवा की." त्यावर म्हणाले, "समोर शेवगा हाय की. आंधळ्यालाबी कळंल, सूनबाई." सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मामंजींना अडवणारं घरात कुणी नव्हतं आणि माझं ऐकायची त्यांना सवय नव्हती.

त्या साली आमचे हे ज्या गिरणीत कामाला होते ती बंद पडली होती. शेतातली ज्वारीही जेमतेमच आलेली. जे काय होतं ते पेवात. दोन पोरं, आम्ही तिघं मोठी, आणि फाल्गुनात नवी ज्वारी येईपर्यंत सगळ्यांनी त्याच्यावरच काढायचं होतं. रोज भाकरी थापताना माझ्या डोक्यात तेवढं एकच असायचं. पेव आहे, तर आपण आहोत.

आणि हत्तीचा पाऊस लागला. आमच्याकडं एरवी पावसाची वाट बघून डोळे फुटतात, पण हस्ताचं नक्षत्र कधी कधी असं कोसळतं की बस रे बस! पहाटेच्या वाऱ्यानं शेवगा बुडाशी मोडून पडला. मेलं ते झाड ठिसूळच. ह्यांनी तो तोडून बाजूला केला, पाला शेळ्यांना टाकला. खूण गेली हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

दुपारपर्यंत परसात पाणी साठायला लागलं. वांगी बुडाली, शेवंती बुडाली, घेवड्याचा मांडव आडवा झाला. मोरीच्या फरशीच्या फटीतून एरवी पाणी जायचं, ती फट काडीकचऱ्यानं गच्च झाली असणार. पाणी पोटरीला लागलं, मग गुडघ्याला. मला वांग्यांचं काय करायचं होतं? पेवाचं लिंपण शेणामातीचं. ते कितीसं टिकणार? मी दारातून ओरडले, "अहो, मोरी उघडा! पेवात पाणी शिरलं तर आपण खायचं काय?"

हे पहार घेऊन उतरले. शेजारचा विणकर आरडाओरडा ऐकून भिंतीवरून उडी टाकून आला. घरी तेलुगू बोलणारा माणूस, आमच्याशी मोडकं मराठी बोलायचा, पण अडीअडचणीला पहिला धावायचा. मामंजी पाण्यात ओणवे होऊन हातानं कड्या चाचपत होते. गढूळ पाणी, वर पाऊस, आणि त्यांच्या त्या एकसारख्या फरश्या! "ही न्हाय... ही बी न्हाय..." असं पुटपुटत पुढं सरकत होते. मध्येच थांबून त्यांनी मोडलेल्या शेवग्याचं उरलेलं खोड शोधायला मान वर केली. खोड पाण्याखाली. मी म्हटलं, "मामंजी, नीट बघा हां, घाई नको." तर खेकसले, "माझं घर मला शिकवतीस व्हय? हीच! लाव रं पहार."

ह्यांनी पहार घातली, शेजाऱ्यानं कडी धरली. फरशी सहज सुटली. पाण्यानं खालची माती मऊ झाली होती. दोघांनी ती बाजूला ढकलली आणि पाण्याला भोवरा पडला. गडगड गडगड करत पाणी खाली जायला लागलं. अगं बाई, काय आनंद झाला आम्हाला! थोरला पोरगा दारात टाळ्या पिटायला लागला. पोटऱ्यांवरून पाणी उतरताना दिसत होतं. मामंजींनी मिशी पिळली आणि म्हणाले, "बगितलंस का सूनबाई?"

मी बघत होते. भोवऱ्यातून काड वर येत होतं. मग पाला आला. वाळलेला कडुनिंबाचा पाला, मीच फाल्गुनात वाळवून दिलेला. मग मोठमोठे बुडबुडे, आणि त्यांच्याबरोबर तो वास, पेव उघडल्यावर येतो तो, कोंडलेल्या ज्वारीचा उबट वास. "पेव," एवढंच मी म्हणाले. ह्यांनी वेड्यासारखं फरशीला हात घातला, ती परत ओढायला बघत होते. शेजारचा विणकर आडवा पडून पेवाच्या तोंडावर डोक्यावरचं घोंगडं दाबत होता. काही उपयोग झाला नाही. पोट भरल्यावर पेवानं पाणी प्यायचं थांबवलं आणि परसातलं पाणी होतं तिथंच राहिलं.

मामंजी त्या पाण्यात मटकन खाली बसले. मी त्यांच्यावर ओरडले, रडले, सून असल्याचं भान मला राहिलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हेही तोंडावर म्हटलं.

पाऊस थांबल्यावर आम्ही ज्वारी बाहेर काढली, फुगलेली, आंबलेली. वरचेवर पाऊस येतच होता, वाळणार कशी? चिखलात सांडली ती उगवली, सगळं परस हिरवंगार झालं. शेळ्यांनी दोन दिवसांत फस्त केलं. आम्ही आंबलेल्या ज्वारीच्या भाकरी करून बघितल्या, पोरांनी ओकून टाकल्या. घरातल्या कोठीत होती तेवढीच काय ती खरी ज्वारी उरली.

दिवाळीच्या आधी मामंजी एका सकाळी म्हणाले, "अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जातो. मठात ऱ्हाईन थोडे दिवस. तितं परसाद मिळतो की." हातात धोतर आणि घोंगडं बांधलेलं गाठोडं होतं. मला रडू आलं. म्हटलं, "कुठं जाऊ नका. जे हाय ते सगळे मिळून खाऊ."

"आदी कोठीत हात घालून बग," ते म्हणाले, "मग मला ऱ्हा म्हण."

मी आत गेले. कोठीतल्या ज्वारीत हात खुपसला आणि तो कोपरापर्यंत जायच्या आत तळाला लागला. बाहेर आले तर ते वहाणा घालून उभे होते. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि गाठोडं काखेत मारलं. पोरांना उठवू नकोस, एवढं म्हणाले.