राणोजीचा घोडा

"आमचा पणजा घोड्यावरनं आला," असं म्हणत सुभेदार मिशीवरून पालथी मूठ फिरवायचे. विषय पावसाचा असो की उसाच्या लागणीचा, घोडा यायचाच. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल.

आष्ट्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. पलटणीतून पेन्शनीवर आलेल्या सुभेदारांना एकच गोष्ट लागायची. जत्रेत पालखीला खांदा द्यायला पुढे झाले की कुणीतरी म्हणायचं, "उपऱ्यांनी मागं थांबा." पणजा राणोजी लोणंदकडून आला, एवढंच त्यांच्या घरात माहीत. घोडेस्वाराचं मूळ घराणं शोधून दाखवलं की गावाची तोंडं बंद होतील, असं त्यांच्या मनात होतं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला. सांगायला संकोच नाही. सुभेदार म्हणाले, "तू शिकलेला हाईस, चल संगं. लोक खोटं सांगायला बिचकत्यात."

एसट्या बदलत आम्ही लोणंदच्या पलीकडे, त्यांच्या आडनावाची घरं असलेल्या गावात पोचलो. एका ओसरीवर टेकलो. पाणी आलं. सुभेदार घोडा काढणार, तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला. दुपार झाली तरी लोळत पडलेल्या लेकाला ती झाडत होती.

"ऊठ रं! न्हाईतर राणोजीगत सासऱ्याच्या दारात जाऊन पड!"

सुभेदारांचा तांब्या हातातच राहिला. "आवं आजी, ह्यो राणोजी कोण?"

"मी कुठं बघितलाय? माझी सासू अशीच शिव्या घालायची. आष्ट्याला घरजावई गेला, त्यो गेलाच."

"घोड्यावरनं?"

"कसला घोडा, बाबा! पायात वहाण नव्हती म्हनं."

मी छपराकडे बघू लागलो. सुभेदारांनी तांब्या खाली ठेवला, नमस्कार केला. आपण कोण, ते काही सांगितलं नाही.

परतीच्या एसटीत कऱ्हाडपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे आमची आष्ट्यातली जमीन पणजीची."

"व्हय."

"तिचं नाव काय रं?"

मला काय ठाऊक! त्यांनाही नव्हतं. पुढे त्यांनी गावभर विचारलं, कुणालाच नव्हतं.

त्या साली जत्रेत पुन्हा कुणीतरी "उपरे" म्हणालं. सुभेदार साऱ्या गावासमोर म्हणाले, "पणजा घरजावई हुता. पणजी हितलीच, तुझ्या आज्याच्या आदीची. मी तिच्याकडचा. सर मागं!"

लोक पोट धरून हसले. 'घरजावयाचं घर' हे नाव तेव्हा चिकटलं, ते चिकटलंच. पण हसता हसता वाट दिली. सुभेदारांनी खांदा लावला.

घोडा मात्र पुन्हा कधी आला नाही. मूठ मिशीवर जायची आणि तशीच खाली यायची.

दोन-तीन वर्षांत सुभेदार गेले. त्यानंतरच्या सर्वपित्रीला त्यांची सून कौलांवर पानं ठेवत होती. सगळ्यांच्या पुढं एक पान वेगळं मांडलेलं. मी विचारलं, हे कुणाचं?

"पणजीबाईचं, भावजी," ती म्हणाली. "मामंजी सांगून गेल्यात. राणोजीनं मागं थांबायचं."