नणंदेचं रक्त

लॅबमध्ये तिला सगळे सुईवाली म्हणत. सुई टोचायच्या आधी तिच्या जिभेनं पेशंटला टोचून झालेलं असे. "उपाशीपोटी आलात ना? नुसता चहा म्हणजे काय हो? चहा काय पोटात जात नाही?" वीस वर्षं खोटं बोलणाऱ्यांवर तिनं असाच जाळ काढला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण ते पुढे.

मधुमेह निघाला तेव्हा घाबरून तिनं दोन वर्षांत पस्तीस किलो वजन उतरवलं. चरबी गेली, कातडी मागे राहिली. पोटाची घडी मांडीपर्यंत लोंबायची. घडीखाली घाम साचे, पुरळ उठे, कातडी सोलवटे, वास येई. सकाळी ती तिथं पावडर मारून मऊ कापडाची पट्टी सरकवी. दुपारपर्यंत पेशंटांच्या हातांवर वाकून वाकून पट्टी घसरे आणि नुसती आग आग होई. ही कातडी काढून टाकायची, एवढंच तिला हवं होतं.

पण घरीदारी एकच सूर: या वयात कसले हे थेर! त्यातला सगळ्यांत वरचा सूर धाकट्या नणंदेचा. नणंद काडीसारखी, आणि त्या काडीपणाचा तिला भारी तोरा.

"वहिनी, अगं सुरी कशाला? जरा जीभ आवर. माझ्याकडे बघ, वर्षात नऊ किलो उतरले, काही न करता."

सुईवालीचं पित्त खवळे. नऊ किलोंचं काय कौतुक सांगतेस? मी पस्तीस उतरवलेत, घाम गाळून!

सर्जनची वेगळीच तऱ्हा. तो म्हणाला, "पस्तीस किलो म्हणजे मानलं तुम्हाला. पण तीन महिन्यांची सरासरी साखर सातच्या खाली आल्याशिवाय मी सुरी हातात घेणार नाही. एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत छेद जातो. साखर चढलेली असली तर टाके उसवतात, जखम चिघळते, कडेची कातडी काळी पडते. हे काही जीव वाचवायचं ऑपरेशन नाही, मग घाई कसली?"

घाई कसली! याच्या मांडीला ओली घडी चिकटली असती म्हणजे कळलं असतं. ती तीन वेळा जाऊन आली. आठ पॉइंट नऊ, आठ पॉइंट सहा, आठ पॉइंट चार. साखर उतरत होती, पण गोगलगाईच्या चालीनं.

खरं तर सर्जनचं बरोबर होतं, आणि ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? उसवलेल्या जखमांचा पू तपासणीला तिच्याच टेबलावर येई. पण राग एकदा डोळ्यांवर चढला की समोरचं दिसत नाही.

येत्या शुक्रवारी सर्जनला नवा रिपोर्ट दाखवायचा होता, त्यातच नणंद लॅबमध्ये आली. हल्ली फार थकवा येतो, हिमोग्लोबिन बघ म्हणाली. सुईवालीनं जांभळ्या टोपणाची एक नळी भरली, आणि न विचारता दुसरीही भरली. दुसरीवर स्वतःचं नाव चिकटवलं. काडीची साखर ती काय असणार! एवढा तोरा मिरवतेस ना, मग तुझ्या रक्ताचा मला काही उपयोग तरी होऊ दे. असं मनात म्हणताना तिला चक्क बरं वाटलं.

मशीननं आकडा दिला, अकरा पॉइंट दोन. तिनं नळी पुन्हा लावली. पुन्हा अकरा पॉइंट दोन.

रिपोर्टवर सही करायला बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. लॅब त्यांचीच. "अकरा? तुझी? मागच्या खेपेला तर आठ होती. बस इथं, मी स्वतः रक्त काढते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सुईवालीनं बाही वर केली नाही. "ते रक्त माझं नाही," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. "वीस वर्षं तुझ्या नळ्यांवर डोळे मिटून सह्या केल्या मी! नोकरीचं उद्या बघते. आधी सांग, जिचं रक्त आहे तिला कळवलंस?"

नव्हतं कळवलं. नऊ किलो, काही न करता. वर थकवा. असं कुणी परकं समोर बसलं असतं, तर सुईवालीनं त्याला तिथल्या तिथे साखर तपासायला लावलं असतं. घरच्या माणसाचा तिला फक्त तोरा दिसला. स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्यात असं तिला झालं.

तशीच ती नणंदेच्या घरी गेली आणि दारातच सगळं बोलून मोकळी झाली.

"तू माझं रक्त चोरलंस?" नणंद कडाडली.

"हो, चोरलं. काय ओरडायचं ते नंतर ओरड. आत चल, बोट दे."

सोबत आणलेल्या बोटाच्या मशीनवर त्या वेळच्या साखरेचा आकडा आला, चारशे बारा. नणंद खुर्चीत बसली.

"मला वाटलं, मला जमलं," ती म्हणाली. "बायका विचारायच्या, कसं केलंस गं." मग एकदम उसळली, "आणि माझं रक्त चांगलं निघालं असतं तर? गेली असतीस सुरीखाली, तशाच साखरेवर? पोट चिघळून मेली असतीस म्हणजे? माझ्या रक्तानं मेली असतीस तू!"

सुईवालीनं सर्जनच्या दवाखान्यात फोन लावला.

"शुक्रवारी रिपोर्ट घेऊन येताय ना?" तिकडच्या मुलीनं विचारलं.

"नाही. शुक्रवार रद्द करा."

"कारण काय लिहू?"

नणंद तिच्याकडेच बघत होती.

"लिहा, पेशंटनं दुसऱ्याचं रक्त दिलं. माझी साखर अजून आठच्या वर आहे. सातच्या खाली आली की येईन, माझ्या रक्तावर."

फोन आपटून तिनं नणंदेच्या चपला शोधल्या आणि तिच्या पायांपुढे ठेवल्या. कोपऱ्यावरच्या साखरेच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद व्हायला अर्धा तास होता.