सलीमभाईंची भिंत

हे मी आजवर कुणापुढेच बोललो नाही. बायकोपुढेही नाही. ज्यांना खरं म्हणजे सांगायला हवं त्या शेजारीच राहतात — त्यांनाही नाही. तुम्हाला मात्र सांगून राहिलो. का, ते विचारू नका.

अहमदपूरला आमचं आणि सलीमभाईंचं घर लागून आहे. त्यांची एक भिंत थेट आमच्या अंगणात उभी. उघड्या विटांची, ना गिलावा, ना रंग. पावसाळ्यात ती ओल धरायची, आणि आतल्या बाजूनं तिलाच लागून मैमूनाखालांची खाट. खाला म्हणजे सलीमभाईंची आई. माझ्या आईची मैत्रीण. आईला उंबरा ओलांडवत नव्हता, म्हणून खालाच रोज दुपारी यायच्या. दोघी शेंगा फोडत बसायच्या आणि माझ्या पोटावरून माझी टिंगल करायच्या.

एका उन्हाळ्यात सलीमभाई आले. म्हणाले, "भाऊ, अम्मी लई खोकून राहिली. भिंतीला बाहेरून गिलावा करून रंग मारतो. चार दिवस तुमच्या अंगणात बांबू उभे करू द्या."

आमच्या अंगणाशिवाय त्या भिंतीला हात लावायला जागाच नव्हती. आणि मी — मी नुकत्याच अंगणात टाइल्स बसवल्या होत्या. बांबू रोवणार, सिमेंट सांडणार, रंगाचे डाग पडणार. एवढंच होतं हो! याहून मोठं काही कारण असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

पण तोंडावर नाही म्हणायची हिंमत कुठून आणू? म्हणालो, "माझं काही न्हाई, सलीमभाई. पण अंगणात तुळस हाय... आईला चालायचं न्हाई."

त्यांनी एकदा तुळशीकडे बघितलं आणि निघाले. त्यांनी त्याचा काय अर्थ काढला, ते मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. मी काढू दिला. आईला तर मी विचारलंही नव्हतं — विचारलं असतं तर तिनं ती कुंडी तिथून हलवायला लावली असती.

त्यानंतर खाला आल्या नाहीत. आई दुपारभर दाराकडे बघत बसायची. "मैमूना का येऊन न्हाई राहिली रे? माझं काय चुकलं का?" मी म्हणायचो, त्यांचे गुडघे दुखतात. "मग मला तरी घेऊन चल." उद्या नेतो, म्हणायचो. काय माणूस असेन मी? रोज उद्या म्हणायचो.

आई गेली तेव्हा खाला दारापर्यंत आल्या. आत आल्या नाहीत. पदर तोंडाला लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि तशाच परत गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मीच सलीमभाईंना म्हणालो, लावा बांबू. टाइल्स तोवर जुन्या झाल्या होत्या. गिलावा झाला, भिंतीला पिस्ता रंग लागला. काम आटोपल्यावर खाला लेकाचा हात धरून आमच्याकडे आल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "बेटा, तू तर तेव्हाच हो म्हटला असता, मला ठाऊक हाय. तुझ्या आईलाच आम्ही नको होतो. जाऊ दे. मी तिला माफ केलं."

"हाव, खाला," मी म्हणालो.