पाटी तेवढी सोडा
परवा सलूनमध्ये केसांना कलप लावून घेताना अमोनियाचा वास नाकात शिरला आणि जाम गावाजवळचं ते संत्र्यांचं कोल्ड स्टोरेज आठवलं. मी तिथे नवा मॅनेजर होतो. व्यापारी पाहायला येणार म्हणून थंडाव्यासाठी वापरायच्या अमोनियाच्या जुन्या टाकीला मी चंदेरी रंग मारायला लावला. "सायेब, पाटी तेवढी सोडाले सांगा. टाकी किती दाब सोसते ते तिच्यावरच लिहून हाये," म्हातारा ऑपरेटर म्हणाला. ती गंजकी पाटी माझ्या नजरेत खुपत होती, म्हणून मी तीही रंगवून घेतली. आठवडाभरानं मेकॅनिक जास्तीचा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बदलायला आला आणि त्यानं दाबाचा आकडा विचारला. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. मी आकडा ठोकून दिला. त्यानं तसा व्हॉल्व्ह बसवला आणि गेला. दुपारी पाहतो तर ऑपरेटर जेवणाचा डबा न उघडता थिनरच्या फडक्यानं पाटी घासत बसलेला. खालून निघालेला आकडा मी सांगितलेल्यापेक्षा बराच कमी होता. म्हणजे टाकी फुटली असती तरी माझा व्हॉल्व्ह उघडला नसता. "सायेब, आकडा थोडा चुकला वाटते," तो हळूच म्हणाला आणि त्यानं मेकॅनिकला फोन लावला, "वापस ये बापू, सायबाले म्याच गलत आकडा सांगतलता." मी शेजारीच उभा होतो आणि त्याला तसं सांगू दिलं. परवा सलूनवाल्यानं माझे पाणावलेले डोळे आरशात पाहून विचारलं, "काका, डोयात झोंबून राह्यलं का?" मी हो म्हटलं.