दाताखालचं आमसूल

मी पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. बायकांच्या वाट्याला तिथे घासकाम येतं. पॉलिश पेपर घ्यायचा, कच्ची मूर्ती गुळगुळीत करायची, दिवसभर नाकातोंडात पांढरी धूळ. त्यातून डोळ्यांपर्यंत यायला मला आठ वर्षं लागली. आखताना बारीक ब्रश हातात, जाडा दातांत आणि गालात एक आमसूल. दातांनी ब्रश आवळून धरला की हात हलत नाही. आमसुलाने तोंड सुकत नाही, शिवाय मी गप्प राहते, आणि त्यात सगळ्यांचंच भलं आहे.

दोन वर्षांपूर्वी पुढच्या दाताला कीड लागली. माहेर अष्टमी गावचं, पूल ओलांडला की रोह्यात दातांचा दवाखाना. तिथल्या डॉक्टर मॅडमनी दात भरायचे दोन प्रकार सांगितले. एक सिमेंट, दिसायला मळकट, पण त्यातून फ्लोराइड झिरपत राहतं, त्यामुळे आजूबाजूचा दात आंबटापुढे जरा तग धरतो. दुसरं चकचकीत, दाताशी रंग जुळणारं, पण शेजारच्या दाताला त्याचा आधार नाही.

"मी सिमेंटच सुचवेन," त्या म्हणाल्या. "आंबट फार खाता का?"

"छे हो, जेवणात असेल तेवढंच."

खोटं बोलले असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही. आमसूल माझ्या लेखी खाणं नव्हतंच, ते कामाचं सामान होतं. आणि मळकट रंग पुढच्या दातात? मी रंगातली बाई! चकचकीतच भरून घेतलं, वर शेडही मीच निवडून दिली. काय ती मिजास!

यंदा ऐन हंगामात जिभेला दाताची कड टोचायला लागली. आरशात बघितलं. फिलिंग जसंच्या तसं होतं, भोवतीचा दात मात्र झिजून आत गेला होता. भिंत खचावी आणि चौकट तेवढी उभी राहावी, तसं. त्या दिवसापासून ब्रश दातांत धरला की आता दात मोडणार, आता मोडणार, एवढंच डोक्यात. कारखान्याच्या शेठना सांगायची सोय नव्हती. डोळे जमत नाहीत म्हटलं की परत घासकाम, हे ठरलेलं.

शेवटी आई आजारी आहे अशी थाप मारून रोह्याची एसटी धरली. नागोठणे येईपर्यंत तोंड सुकलं, आणि हात आपोआप पिशवीतल्या आमसुलाच्या पुडीकडे गेला.

खुर्चीत बसून आ केला तर मॅडम थांबल्या. "गालात काय आहे?"

मी काही बोलायच्या आत, अष्टमीहून सोबतीला येऊन दारात बसलेली आई म्हणाली, "आमसूल असंल. कामावर दिवसभर तेच नाय काय हिच्या तोंडात!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. झीज नसेजवळ पोचली होती. त्यांनी जुनं काढलं, मळकट सिमेंट भरलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरून देवाचं नाव घेत होते, आणि देवाचं नाव घेताना डोळ्यांसमोर मूर्तींचे अर्धवट राहिलेले डोळेच येत होते.

"हे दाताला सांभाळेल," त्या म्हणाल्या, "पण आंबटाने हेही झिजतं. आमसूल बंद. दातांत ब्रश धरणंही बंद. नाहीतर दात राहणार नाही."

"मग डोळे कशाने आखू?"

त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यांना कळणार तरी कसं?

दुसऱ्या दिवशी समोर मंडळाची मोठी मूर्ती. तोंड रिकामं, जबडा सैल. उजवा हात मनगटाशी डाव्या हाताने आवळून धरला. घामाने ब्रश निसटत होता. कसेबसे दोन्ही डोळे उतरवले. रेष कुठे तुटली नव्हती. मी तीनतीनदा बघितलं.

शेठनी येऊन मूर्तीकडे बघितलं.

"काय गो, देव कुणाला घाबरलाय?"

मी परत बघितलं. खरंच, डोळे घाबरलेले होते. माझेच होते ते.

"आज जरा घासायला बस," शेठ हळू आवाजात म्हणाले. "उद्या बघू."

मी पॉलिश पेपर घेतला आणि बायकांच्या रांगेत जाऊन बसले. जीभ सारखी दाताकडे जात होती. दात पक्का होता.